दप्तरात दडवलेला पेपर
वाचकांचे प्रश्न, समुपदेशकांची उत्तरं

सहामाहीचे पेपर हातात पडले की आमच्याकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. ‘अभ्यासच करत नाही’ ही तक्रार मागे पडते आणि ‘करतो हो, पण परीक्षेचं नाव काढलं की...’ असं सुरू होतं. या वेळची पत्रं नागपूर आणि आसपासची आहेत. नावं छापलेली नाहीत आणि लांब पत्रं थोडी आखूड केली आहेत.

माझा मुलगा दहावीला आहे, स्टेट बोर्ड. घरी विचारलं तर सगळं येते त्याला. पण रविवारी क्लासच्या टेस्टला जायची वेळ झाली की पोट दुखते. मागच्या तीन टेस्टचे पेपर दप्तराच्या तळाशी सापडले. एक तर घडीसुद्धा उघडलेली नव्हती. रागावून पाहिलं, समजावून पाहिलं, काही बोलूनच नाही राहिला. काय करू?
— एक आई, मानेवाडा

ताई, त्याचं पोट खरंच दुखतं, एवढं आधी धरून चला. माणूस घाबरला की शरीर पचनाचं काम मागे टाकतं. मळमळ, कळ, सारखं संडासला जावंसं वाटणं हे सगळं त्यातूनच येतं. एकदा डॉक्टरांना दाखवा आणि ‘रविवारीच दुखतं, सुटीत नाही’ हे आवर्जून सांगा, म्हणजे तो प्रश्न निकालात निघेल.

आता रविवारी सकाळी काय होतं ते बघा. पोट दुखतं, तुम्ही म्हणता ‘राहू दे आज’, आणि दहा मिनिटांत त्याला हायसं वाटतं. घात होतो तो या हायसं वाटण्यामुळे. ‘टेस्ट धोक्याची होती, गेलो नाही म्हणून वाचलो’ असा हिशोब मनात पक्का होतो आणि पुढच्या रविवारी भीती थोडी वाढूनच येते. न उघडलेल्या पेपरचंही तेच. जोवर घडी उघडली नाही तोवर आत 12 असू शकतात आणि 31 सुद्धा. समजावून हे सुटत नाही, कारण ही भीती बोलण्यातून आलेली नाही, टाळण्यातून आली आहे. ती उतरवायला उलटा अनुभव लागतो: पेपर दिला, चुकलो, आणि तरी काही कोसळलं नाही. हा अनुभव एकदम मोठा झेपत नाही, म्हणून लहान मापात सुरुवात करायची.

त्याच्यासोबत बसून भीतीची शिडी लिहून काढा. कागद त्याचा, अक्षर त्याचं. प्रत्येक पायरीसमोर 0 ते 10 मध्ये भीती किती, तेही त्यानेच लिहायचं. गणित भाग 1 धरून एक नमुना देतो. या पेपरात पहिला प्रश्न 8 गुणांचा असतो, चार बहुपर्यायी आणि चार एकेका गुणाचे. पहिली पायरी: एवढाच प्रश्न घरी, घड्याळ न लावता सोडवायचा आणि स्वतः तपासायचा. भीती साधारण 2. दुसरी: तसाच दुसरा संच, 15 मिनिटं लावून. तिसरी: पहिला आणि दुसरा प्रश्न मिळून 20 गुण, घरातलं कोणी त्याच खोलीत बसलेलं असताना. चौथी: ते 20 गुण दुसऱ्या कोणाकडून लाल पेनने तपासून घ्यायचे, अकरावी-बारावीचा शेजारचा मुलगाही चालेल. पाचवी जरा वेगळी आहे. जो धडा अर्धवट झालाय त्यावरच पेपर द्यायचा, कमी गुण पडणार हे माहीत असताना, आणि पडलेला आकडा जेवताना मोठ्याने सांगायचा. त्यावर घरातल्यांनी ‘बरं’ एवढंच म्हणून पोळी वाढायची. सहावी: पूर्ण 40 गुण, दोन तास, घराबाहेर. मोहल्ल्यातल्या अभ्यासिकेत जागा मिळते. सातवी: क्लासची टेस्ट, फक्त देऊन यायची. आठवी: टेस्टचा पेपर मिळेल त्याच दिवशी उघडायचा.

एक पायरी तीन-चार वेळा करावी लागते. तिची भीती सुरुवातीच्या निम्म्यावर आली की पुढची. आठवड्यात तीन बैठका धरल्या तर दोन ते अडीच महिने लागतात. बोर्ड तोंडावर असेल तर तिसरी, पाचवी आणि सातवी एवढ्या तरी करा. प्रत्येक वेळी सुरू करण्याआधी ‘काय होईल असं वाटतं’ ते एका ओळीत लिहायचं: ‘सर सगळ्यांसमोर गुण वाचतील’, ‘हात थरथरेल, अर्धा पेपर राहील’. झाल्यावर खाली ‘काय झालं’. दोन्ही ओळी शेजारी-शेजारी दिसायला हव्यात.

हे बिघडतं कुठे? सगळ्यात जास्त वेळा आई-वडील सातव्या पायरीवरून सुरुवात करतात म्हणून. दुसरं, भीती कडेलोटाला असताना तो उठतो आणि आपण उठू देतो. त्याला सांगा, सोडवू नकोस हवं तर, पण वेळ संपेपर्यंत खुर्चीवर बस. अर्ध्या तासात ती बहुतेक वेळा आपोआप उतरू लागते आणि उतरताना तो तिथेच असणं महत्त्वाचं आहे. तिसरं, चोरवाटा. गाईड उघडं ठेवून सोडवणं, दर गणितानंतर ‘बरोबर आहे ना?’ विचारणं. मग पेपर पार पडतो, पण श्रेय गाईडला जातं. चौथं, मध्ये आजारपण किंवा पाहुणे आले आणि आठवडा गेला, तर जिथे थांबलात त्याच्या एक पायरी खालून सुरू करा.

पेपर उघडला, मग पुढे? नुसतं बघून पुन्हा दप्तरात गेला तर उपयोग नाही. एक चूक-वही करा. चार रकाने: प्रश्न, नेमकं कुठे चुकलं, चुकीचा प्रकार, पुन्हा सोडवल्याची तारीख. प्रकार पाचच: येतच नव्हतं, येत होतं पण आठवलं नाही, प्रश्न नीट वाचला नाही, आकडेमोड किंवा चिन्ह चुकलं, वेळ पुरला नाही. ‘सिली मिस्टेक’ हा शब्द या वहीत लिहायचा नाही, कारण त्यावर उपाय सुचत नाही.

वर्गसमीकरणाचं उदाहरण घ्या. एक्सचा वर्ग वजा 5 एक्स अधिक 6 बरोबर शून्य. सूत्रात ‘उणे बी’ असतं आणि इथे बी आहे उणे 5, म्हणजे अधिक 5 लिहायचे. घाईत मुलगा उणे 5 लिहितो आणि 3 व 2 यायच्या जागी उणे 2 व उणे 3 येतात. ‘गणितात कच्चा’ असं म्हटलं की भीती वाढते. ‘उणे बी लिहिताना चिन्ह उलटवायचं राहिलं’ असं लिहिलं की करायचं काय ते दिसतं: आलेली किंमत समीकरणात घालून बघायची. उणे 2 घातलं तर 4 अधिक 10 अधिक 6, म्हणजे 20 येतात, शून्य नाही. अर्ध्या मिनिटाची पडताळणी. चुकलेलं गणित दोन दिवसांनी, आठवड्याने आणि तीन आठवड्यांनी कोऱ्या कागदावर पुन्हा सोडवायचं. पाच-सहा पेपर झाले की कोणता प्रकार जास्त आहे ते दिसेल. बऱ्याच मुलांच्या वहीत ‘येतच नव्हतं’चा वाटा त्यांना वाटत होता त्यापेक्षा बराच लहान निघतो.

दप्तरात सापडलेल्या त्या तीन पेपरांवर आता चौकशी नको. ‘हे मला मिळाले, तुझ्या टेबलावर ठेवले आहेत, तुला हवे तेव्हा एक उघडू’ एवढं पुरे.

मी बारावीला आहे, नीटची तयारी करते. दहावीत 94 टक्के होते. आता मॉक टेस्टला 310 च्या वर जातच नाही. मागच्या पेपरला 86 बरोबर, 34 चूक, बाकी सोडून दिले. फिजिक्सचा एक प्रश्न अडला की डोकं ब्लँक होते आणि मग येत असलेलेही चुकतात. रात्री दोन-अडीचपर्यंत झोप येत नाही. सगळे म्हणतात तू हुशार आहेस, मला वाटते आता सगळ्यांना कळेल की नाही आहे.
— विद्यार्थिनी, वाडी

तू आकडे दिलेस ते फार बरं झालं. नीटमध्ये बरोबर उत्तराला 4 गुण, चुकीला 1 वजा. 86 बरोबर म्हणजे 344, त्यातून 34 गेले, 310. आणि 180 पैकी 60 प्रश्न तू हातच लावला नाहीस. आमचा अंदाज आहे की त्यातले बरेच तू ‘चुकलं तर?’ म्हणून सोडलेस. म्हणून आधी हिशोब. चारही पर्याय सारखेच अनोळखी असतील तर सोडलेलंच बरं. तिथे अंदाजाने खूण करण्याचा फायदा सरासरीने पाव गुणाचा, न धरण्याजोगा. पण दोन पर्याय नक्की चूक आहेत हे कळत असेल तर उरलेल्या दोनांतून निवडायचं. असे 10 प्रश्न केलेस तर सरासरीने 5 बरोबर, 5 चूक: 20 वजा 5, म्हणजे 15 गुण. त्या 60 मध्ये असे 20 प्रश्न निघाले तर 30 गुण केवळ भीतीपायी गेले. पुढच्या मॉकमध्ये सोडलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे खूण कर: दोन कटले होते तर ‘2’, काहीच कळलं नव्हतं तर ‘0’. घरी येऊन ‘2’वाले मोज.

आता डोकं ब्लँक होण्याबद्दल. गणित सोडवताना आकडे आणि टप्पे तात्पुरते धरून ठेवायला मनात जागा फार थोडी असते. ‘हा नाही आला म्हणजे सीट गेली’ हा विचार त्याच जागेत येऊन बसतो. म्हणून येणारी गणितंही चुकतात. ज्ञान गेलेलं नसतं, जागा अडलेली असते. ती मोकळी करायचा सराव हॉलमध्ये पहिल्यांदा करून चालत नाही, प्रत्येक मॉकमध्ये करायचा. दीड मिनिटात धागा सापडला नाही तर प्रश्नाला गोल करून पुढे जायचं. हे आधीच ठरलेलं असलं पाहिजे, तिथे बसून विचार करायचा नाही. छाती धडधडायला लागली तर पेन खाली, पावलं जमिनीला टेकलेली, 4 मोजेपर्यंत श्वास आत आणि 6 मोजेपर्यंत बाहेर. सहा वेळा. एक मिनिट जातं. बाहेर सोडणं लांब हवं. नुसते मोठे मोठे श्वास घेतलेस तर उलट गरगरतं. मग जीवशास्त्राचा एक सोपा प्रश्न सोडवायचा आणि नंतर फिजिक्सला परत.

क्रमही बदलून बघ. आधी जीवशास्त्राचे 90 प्रश्न 45 ते 50 मिनिटांत, मग रसायनशास्त्राला 50, फिजिक्सला 60, उरलेली वीस-पंचवीस मिनिटं गोल केलेल्यांना. ओएमआरचे गोळे मात्र पानागणिक भरत जा. शेवटी एकदम भरायला ठेवले की एक ओळ सरकते आणि बॉलपेनचा गोळा खोडता येत नाही.

पेपरच्या आधी दहा मिनिटं कागदावर मनातली भीती जशीच्या तशी लिहून काढणं हा उपाय ऐकायला पोरकट वाटेल. शिकागो विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी 2011 मध्ये तो तपासला. ज्यांना परीक्षेची भीती जास्त त्यांना फायदा झाला. लिहायचं, कागद फाडायचा, आत जायचं. दोन-तीन मॉकला करून बघ, तुला लागू पडतो की नाही कळेल.

झोपेवर आम्ही ठाम आहोत. तुझ्या वयाला 8 ते 10 तास लागतात आणि दिवसभर वाचलेलं पक्कं होतं ते झोपेतच. चार वाजल्यानंतर चहा-कॉफी बंद. अकरानंतर टेस्टची उत्तरतालिका बघायची नाही आणि क्लासचा व्हॉट्सअॅप ग्रुप सकाळपर्यंत म्यूट. अंथरुणात 20 मिनिटांत झोप नाही आली तर उठून बस, काहीतरी कंटाळवाणं वाच, डोळे जड झाले की परत जा.

‘सगळ्यांना कळेल’ यावर एकच सांगतो. दहावीच्या पेपरात चुकीला दंड नव्हता आणि वर्षभर तीच पुस्तकं होती. इथे एका चुकीला एक गुण जातो आणि दोन वर्षांचा अभ्यास तीन तासांत. 94 टक्के आणि 310 गुण एका फुटपट्टीने मोजताच येत नाहीत. आणि नीटच्या शेजारचे रस्ते आजच लिहून ठेव, निकालानंतर नाही. पशुवैद्यकीय पदवीला महाराष्ट्रात नीटचेच गुण लागतात आणि त्याचं विद्यापीठ नागपुरातच आहे. बी. फार्म आणि कृषीच्या पदवीला एमएचटी-सीईटी आहे, तिथे निगेटिव्ह मार्किंग नाही. प्रत्येकापुढे फॉर्मची मुदत आणि फी लिही. दुसरा रस्ता लिहिला की पहिल्यावरचं लक्ष उडेल असं पालकांना वाटतं. आमचा अनुभव उलटा आहे.

थोडी तरी भीती पाहिजेच ना? आमच्या वेळी मास्तरांच्या छडीच्या धाकाने पाढे पाठ झाले. आता नातवाला कोणी काही बोलायचंच नाही म्हणे.
— आजोबा, महाल

आजोबा, अर्धं बरोबर आहे. थोडा ताण कामाला बसवतो, फार झाला की काम बिघडतं आणि काम जितकं अवघड तितकं ते लवकर बिघडतं. यर्क्स आणि डॉडसन या दोघांनी 1908 मध्येच हे दाखवलं होतं (उंदरांवर, पण माणसांचंही फार वेगळं नाही). पाढे हे पाठांतराचं काम, धाकाने जमून जातं. भूमितीची सिद्धता धाकाने सुचत नाही. घरी ओळखायची खूण सोपी आहे: भीतीने नातू टेबलाशी जातो की टेबलापासून पळतो? जात असेल तर राहू द्या.

आम्ही मुलीवर कधीच प्रेशर टाकलं नाही. ‘जेवढे पडतील तेवढे पडू दे’ असंच म्हणतो. तरी नववीत 92 पडले तर दोन दिवस जेवली नाही. वहीत एक शब्द खोडावा लागला तर अख्खं पान फाडते. हे आलं कुठून?
— एक वडील, इतवारीत दुकान आहे

दादा, तुम्ही काय म्हणता यापेक्षा घर काय करतं ते मुलं जास्त बघतात. पेपर मिळाल्यावर पहिला प्रश्न कोणता असतो? ‘किती पडले?’ दुसरा? ‘हायेस्ट किती?’ आणि मागच्या वर्षी चांगले गुण पडले तेव्हा व्हॉट्सअॅपला स्टेटस ठेवलं होतं का? ठेवलं असेल तर ज्या वर्षी स्टेटस नसेल ती दवंडीच झाली. त्यात चौकाचौकात क्लासवाल्यांचे टॉपरचे फोटो लावलेले फ्लेक्स. त्यावर 92 वाल्यांचे फोटो नसतात. स्टेटस बंद करा, गुण कितीही पडोत. आत्या-मामाचा फोन आला तर ‘तिलाच विचारा, तिला सांगावंसं वाटलं तर सांगेल’.

पहिला प्रश्न बदला. ‘कुठला प्रश्न अडला?’ किंवा ‘कुठल्याला वेळ जास्त गेला?’ आकडा तिने स्वतःहून सांगितला तर ऐका, नाही तर दुसऱ्या दिवशी. ती रडत असताना ‘92 म्हणजे खूप आहेत गं’ म्हणू नका. तिला ते खोटं वाटतं आणि वाद सुरू होतो. ‘वाईट वाटलं ना. राहिलेले 8 आज बघायचे की उद्या?’ हे चालतं. ‘हुशार आहे माझी पोरगी’ हेही जपून वापरा. म्यूलर आणि ड्वेक यांच्या 1998 च्या प्रयोगांत ज्या मुलांच्या हुशारीचं कौतुक झालं ती पुढचं अवघड काम टाळू लागली. ज्यांच्या मेहनतीचं झालं ती घेऊ लागली. मात्र नुसतं ‘मेहनत केलीस’ हेही लवकरच पोकळ होतं. नेमकं सांगा: ‘आकृती आधी काढलीस म्हणून पायरी राहून गेली नाही.’

फाडलेल्या पानांसाठी वेगळा सराव. एका विषयाची एक ‘खाडाखोड वही’ ठरवा, त्यातलं पान फाडायचं नाही. चुकलं तर एक आडवी रेघ आणि पुढे लिहायचं. व्हाइटनर नाही. पहिला आठवडा तिला फार टोचेल, हात पानाकडे जाईल. पंधरा दिवसांनी तीच वही शाळेत तपासायला द्यायची. बोर्डाच्या पेपरात पान फाडता येत नाही, रेघच मारावी लागते, हे कारण तिला पटतं.

आणि दुकानात दिवाळीचा माल अडकून पडतो, उधारी बुडते, हे घरी सांगता का? बहुतेक दुकानदार सांगत नाहीत. आठवड्यातून एकदा जेवताना सांगा: काय फसलं, किती गेलं, आता काय करणार. मोठी माणसंही चुकतात आणि दुसऱ्या दिवशी शटर उघडतात हे तिने डोळ्यांनी बघायला हवं.

वर्गात 52 मुलं. नववी. उत्तर येत असून हात वर करत नाहीत आणि पेपर वाटले की निम्मी मुलं गुणांवर हात ठेवून बसतात. शिक्षक म्हणून 35 मिनिटांच्या तासात काय शक्य आहे?
— शिक्षिका, हिंगणा रोड

बाई, पेपर वाटण्यापासूनच सुरू करा. गुणांच्या उतरत्या क्रमाने नाव घेऊन वाटणं बंद. हजेरी क्रमांकाने, घडी घातलेले. गुण पहिल्या पानावर न लिहिता शेवटच्या पानाच्या आत लिहिले तर मुलं नाइलाजाने पूर्ण पेपर उलटतात. पहिली पाच मिनिटं कोणी बोलायचं नाही. मग जोडीने एकच प्रश्न दुरुस्त करायचा, जो वर्गात सर्वांत जास्त चुकला तो. शाळेच्या घटक चाचणीत मुख्याध्यापकांची परवानगी असेल तर दुरुस्ती केल्यावर गेलेल्या गुणांपैकी निम्मे परत द्या: अट एवढीच की ‘का चुकलं’ हे एका वाक्यात लिहिलेलं हवं. तपासायला वेळ जातो, म्हणून एका चाचणीला एकच प्रश्न.

हात वर न होण्याचं कारण बहुतेक वेळा प्रश्नानंतर आपण देतो तो वेळ. दोन-तीन सेकंदांत फक्त चार मुलं तयार असतात. एक मिनिट वहीत लिहायला द्या, मग शेजाऱ्याला दाखवा, मग विचारा. आणि कधीकधी उलटं विचारा: ‘या गणितात कोणती चूक होऊ शकते?’ याला उत्तर द्यायला कोणी घाबरत नाही, आणि चुका फळ्यावर येतात.

दर शुक्रवारी तासाच्या सुरुवातीला पाच प्रश्न, पाच मिनिटं, गुण कुठेही नोंदवायचे नाहीत. वारंवार वाचण्यापेक्षा आठवून लिहिल्याने जास्त काळ लक्षात राहतं, हे तर आहेच (रोडिगर आणि कारपिक यांचा 2006 चा अभ्यास याच मुद्द्याचा). पण भीतीच्या दृष्टीने फायदा वेगळा. वर्षात तीस-पस्तीस वेळा ‘परीक्षा’ होऊन जाते आणि तिचं काहीच होत नाही. फक्त एक पथ्य: त्या कागदांवरून पालकांना बोलावणं किंवा ‘बघा यांचं’ म्हणणं एकदा जरी झालं, तर ही रीत तिथेच संपते.

साधी भीती कोणती आणि डॉक्टरकडे कधी न्यायचं?
— दोन-तीन पत्रांतला समान प्रश्न

दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप, जेवण किंवा मित्रांत मिसळणं बिघडलं असेल, शाळा बुडत असेल, अचानक छातीत धडधड, हातपाय गार, श्वास अपुरा असे झटके वारंवार येत असतील, तर दाखवा. नागपुरात मेडिकल आणि मेयो ही सरकारी रुग्णालयं आणि मिहानमधलं एम्स इथे मनोविकार विभागाची ओपीडी आहे. मूल वाचताना अक्षरं, चिन्हं सतत उलटसुलट करत असेल तर ही भीती नसून अध्ययन अक्षमता असू शकते. शासनमान्य रुग्णालयाचं प्रमाणपत्र असेल तर बोर्ड जादा वेळ आणि इतर सवलती देतं. तो अर्ज शाळेमार्फत, परीक्षेच्या बराच आधी करावा लागतो.

‘मी नसलोच तर बरं’ असं बोलणं, आवडत्या वस्तू वाटून टाकणं, अंगावर जखमा दिसणं, यातलं काही असेल तर दोन आठवडे थांबायचं नाही. सरळ विचारा: ‘जीव द्यावासा वाटतो का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. बहुतेक मुलांना कोणीतरी विचारल्याचं बरं वाटतं. त्या दिवशी एकटं ठेवू नका आणि घरातली औषधं, उंदराचं किंवा फवारणीचं औषध कुलपात टाका. टेली-मानस 14416 हा सरकारी फोन चोवीस तास मोफत आहे, मराठीत बोलता येतं. 18 वर्षांखालच्या मुलांसाठी 1098 सुद्धा आहे.

भाची दहावीत दोन विषयांत नापास झाली, गणित आणि इंग्रजी. पुरवणीचा फॉर्म भरायला शाळेत जायलाच तयार नाही. म्हणते, लोक बघतील. घरी म्हणतात वर्ष गेलंच आता, राहू दे.
— मावशी, सक्करदरा

ताई, वर्ष गेलेलं नाही. दहावीत एक किंवा दोन विषय राहिले तर एटीकेटीने अकरावीला प्रवेश मिळतो; राहिलेले विषय मधल्या काळात सोडवावे लागतात. पुरवणी परीक्षा साधारण जून-जुलैत होते. फॉर्म शाळेमार्फत भरला जातो आणि मुदत निकालानंतर लवकरच संपते, त्यामुळे ‘थोडं शांत होऊ दे’ म्हणत थांबलात तर ती संपेल. गुणांबद्दल शंका असेल तर आधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवायची, ती आल्यावरच पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करता येतो. आमच्या मते, गुण काठावर नसले तरी छायाप्रत मागवा. कुठे गेले ते दिसल्याशिवाय ती ‘मला गणित येतच नाही’ म्हणत राहील आणि दोन महिने नको त्या धड्यांवर जातील.

शाळेत पहिल्या दिवशी तिला एकटीला पाठवू नका आणि तिच्याऐवजी तुम्हीही जाऊ नका. दोघी जा, शाळा सुटल्यानंतरच्या वेळेला. कार्यालय उघडं असतं आणि गर्दी नसते. आधी वर्गशिक्षकांना फोन करून ठेवा. लोक भेटलेच तर म्हणायला एक वाक्य तिच्या तोंडात बसवा: ‘दोन राहिलेत, जुलैत देते आहे.’ घरी चार-पाच वेळा मोठ्याने म्हणून घ्या, तुम्ही शेजारीण व्हा.

सोबत निकालाची प्रत, हॉल तिकीट, आधार कार्ड आणि फीचे पैसे घ्या. आणि येताना गणिताच्या मास्तरांकडून मागच्या पुरवणीचे दोन पेपर मागून आणा.